आगमनकाळ २०२६ : घराची यादी तयार, मनाची यादी कुठाय?

पंचगंगाकाठ (धागाकर्ता)

जय ख्रिस्त मंडळी.

यंदा २५ डिसेंबर शुक्रवारी आलाय. म्हणजे आगमनाचे, नाताळाआधीचे चार रविवार २९ नोव्हेंबर, ६, १३ आणि २० डिसेंबर. पहिल्या रविवारपासून २४ तारखेपर्यंत मोजलं तर २६ दिवस हातात आहेत. फराळ कधी, चांदणी कधी टांगायची, कपडे शिवायला कधी टाकायचे, याच्या याद्या घरोघरी असतात. पण 'प्रभूसाठी अंतःकरण तयार करा' हे व्यासपीठावरून ऐकून घरी आल्यावर नेमकं काय करायचं, ते कुठल्याच यादीत नसतं.

तर प्रश्न असा : नवरा-बायको दोघंही नोकरीवर, घरात दोन लहान मुलं, एक म्हातारं माणूस, आणि रोजची जेमतेम १५ मिनिटं. अशा घरानं काय करावं, कोणत्या क्रमानं करावं, आणि कुठं फसतं? उपदेश नको. कृती सांगा.

शाहूपुरी_मावशी

आधी वेळ ठरव, मग बाकीचं. कौटुंबिक उपासना जेवणानंतर ठेवली की फसलीच म्हणून समज. पोरं पेंगतात, म्हाताऱ्यांना गोळ्या घ्यायच्या असतात, भांडी पडलेली असतात. जेवणाआधी, ताटं मांडून झाल्यावर, त्याच टेबलाशी किंवा चटईवर बसायचं. मेणबत्ती लावायला एक मिनिट, वाचन तीन मिनिटं, गप्प बसणं दोन मिनिटं, एक कडवं, आणि प्रत्येकाची एका वाक्याची प्रार्थना. बारा मिनिटांत होतं. भूक लागलेली असते, त्यामुळे कुणी लांबण लावत नाही.

मेणबत्ती कुणी लावायची यावरून भांडणं नकोत म्हणून जुनी पद्धत चांगली : पहिल्या आठवड्यात सगळ्यात धाकटं मूल, दुसऱ्यात थोरलं, तिसऱ्यात आई, चौथ्यात बाप. विझवणाराही आधीच ठरवायचा. खरी मारामारी विझवण्यावरूनच होते.

रस्सा_पांढरा

प्रश्न एकच. या २६ दिवसांत तांबडा-पांढरा चालतो का?

शाहूपुरी_मावशी

चालतो रे बाबा. खा आणि वाच.

मिस्सा_पहिली

रस्सा, गंमत बाजूला ठेवून : आज पाश्चात्त्य परंपरेतल्या मंडळ्यांत, म्हणजे कॅथलिक काय किंवा सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) काय, आगमनकाळात मांसाहार सोडण्याची सक्ती नाही. जुन्या काळी ११ नोव्हेंबरपासून, संत मार्टिनच्या सणापासून, आठवड्यातले काही दिवस उपवास असायचा. केरळच्या ऑर्थोडॉक्स घरांत आजही नाताळाआधी २५ दिवसांचा उपवास असतो, मांस-मासे-अंडी बंद. ज्याला काही सोडायचं असेल त्यानं बुधवार-शुक्रवार धरावा आणि त्या दिवशी वाचलेले पैसे वेगळ्या डब्यात टाकावेत. नुसतं सोडलं आणि पैसे खिशातच राहिले तर ते डाएट झालं.

रस्सा_पांढरा

म्हणजे मटणाचे पैसे डब्यात. डबा दोन दिवसांत भरेल की ओ.

सुरूचं_झाड

आगमनचक्राबद्दल, म्हणजे दर रविवारी एक वाढवत लावायच्या चार मेणबत्त्यांच्या गोलाबद्दल लिहितो, कारण दरवर्षी तिसऱ्या आठवड्यात 'पहिली मेणबत्ती संपली' अशी बोंब असते.

हिशोब करा. रोज १५ मिनिटं लावली तर पहिली मेणबत्ती यंदा २६ दिवस जळणार, म्हणजे साडेसहा तास. दुसरी १९ दिवस, पावणेपाच तास. तिसरी १२ दिवस, तीन तास. चौथी पाच दिवस, सव्वा तास. पाऊण इंच जाडीची मेणबत्ती साधारण तासाला एक इंच जळते, म्हणून चारही आठ इंची घ्या. दिवे गेल्यावर लावतो त्या किराणा दुकानातल्या बारक्या मेणबत्त्या इथं कामाच्या नाहीत. शेवटी चार उंच-बुटक्या पायऱ्या दिसतात, तेच बरोबर आहे. सारख्या दिसाव्यात म्हणून अदलाबदल करू नका.

जांभळ्या तीन आणि गुलाबी एक मिळाली नाही तर पांढऱ्या घेऊन बुडाशी रिबीन बांधा. गुलाबी तिसऱ्या रविवारची, आनंदाची. रिबीन बुडाशीच, वर नको, ज्योत खाली उतरते तेव्हा पेट घेते. दोन मेणबत्त्यांत किमान चार इंच अंतर हवं, नाहीतर शेजारणीच्या उष्णतेनं मेण वाकतं. पंखा बंद.

हिरवळीसाठी पाईन शोधत बसू नका. सुरू दिसायला छान, पण आठ दिवसांत वाळतो आणि काडेपेटीसारखा पेटतो. मोरपंखी जास्त टिकते. स्टीलच्या परातीत दोन इंच ओली वाळू, त्यात मेणबत्त्या, आणि भोवती मोरपंखीच्या फांद्या खोचायच्या. वाळू ओली राहिली की पानंही ताजी राहतात आणि मेणबत्ती पडली तरी भीती नाही. रविवारी फांद्या बदला.

जाता जाता : हे चक्र फार जुनं नाही. १८३९ साली हॅम्बुर्गमध्ये योहान विखर्न या पाळकानं आपल्या आश्रमातल्या गरीब मुलांसाठी बैलगाडीच्या चाकावर ४ मोठ्या पांढऱ्या आणि २० लहान लाल मेणबत्त्या लावल्या. त्या वर्षी १ डिसेंबरलाच आगमनाचा पहिला रविवार होता, म्हणून नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत बरोबर २४. 'नाताळ किती दिवसांवर आला?' हे मुलं सारखं विचारत, त्याचं हे उत्तर.

उभा_प्रश्न

चक्र, रंग, गुलाबी मेणबत्ती. यातलं पवित्र शास्त्रात काय आहे? आपल्याकडे विनाकारण विधी वाढत चाललेत. मन तयार करायचं तर वर्षभर करा, २६ दिवसच का?

जुनी_वही

उभा_प्रश्न, तुमचा मुद्दा कोल्हापूरला नवा नाही. अमेरिकन मिशनरी रॉयल गुल्ड वायल्डर १८५२ मध्ये इथं आले, पुढं काम प्रेस्बिटेरियन मिशनकडं गेलं. त्या काळच्या अमेरिकन प्रेस्बिटेरियन मंडळ्यांत सणावारांचं चर्चवर्ष फारसं पाळत नसत. म्हणून आपल्या जुन्या घरांत आगमनचक्र नव्हतं, आणि त्यावाचून कुणाचं अडलंही नाही. १९७० मध्ये सीएनआय झाल्यावर अँग्लिकन आणि इतर परंपरा एका छताखाली आल्या, तसा आगमनाचा रविवार जास्त ठळक झाला.

तर हो, आज्ञा नाही, सोय आहे. रोज घर झाडतो तरी दिवाळीआधी पोटमाळा आवरतोच ना, त्यातलंच हे. चक्र नको असेल तर सोडा. लूक ३:१०–१४ मात्र सोडू नका, ते शास्त्रातच आहे.

गुळव्या

जुनी_वही, ते १०–१४ जरा उलगडा की राव. लोकं आकडे बघून पुढं जात्यात.

जुनी_वही

बाप्तिस्मा करणारा योहान पश्चात्तापाचा संदेश देतो, आणि लोक विचारतात, मग आम्ही काय करावं? धागाकर्त्याचाच प्रश्न. त्यावर तो 'अंतर्मुख व्हा' म्हणत नाही. दोन अंगरखे असतील तर ज्याच्याकडे नाही त्याला एक द्या, अन्नाचंही तसंच. जकातदारांना : ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नका. शिपायांना : धाकदपटशानं, खोट्या आरोपानं पैसे उकळू नका, पगारात समाधान माना. ज्याचा जो धंदा, तिथंच त्याची तयारी. दुकानदारानं काटा तपासावा, घरमालकानं डिपॉझिट परत द्यावं, साहेबानं कामवाल्या मावशींचा पगार पाच तारखेच्या आत द्यावा. मन मोकळं व्हायला यापेक्षा जवळची वाट मला तरी माहीत नाही.

गुळव्या

आता कसं बोललासा. माझं दोन पैसे : सध्या गळीत हंगाम आहे, पोरांना एकदा गुऱ्हाळावर न्या. काहिलीत रस तापायला लागला की भेंडीचं पाणी घालत्यात. त्यानं मळी वर येती. ती झाऱ्यानं काढायचीच. उकळी फुटायच्या आधी काढली तर निघती, एकदा का खळाखळा उकळायला लागलं की मळी परत रसात मिसळती, मग कितीबी करा, गूळ काळाच. त्या ढेपेला भाव नाही. आगमनकाळाचं तसंच है. पहिल्या दोन आठवड्यांत मळी काढा. तिसऱ्या आठवड्यात फराळ, पाहुणे, कॅरोल, सगळं उकळायला लागतंय. तवा काय निघणार?

तिसरा_बाक

गुळव्या, दंडवत. आणि मलाखी ३:३ मधला चांदी गाळणाराही हाच. तो चांदीत आपला चेहरा दिसेपर्यंत मुशीजवळ बसून राहतो, तसा प्रभू आपल्यात आपलं प्रतिबिंब दिसेपर्यंत बसतो.

मूस_आणि_चिमटा

तिसरा_बाक, ते चेहऱ्याचं वाक्य मोबाइलवरून फिरणारं आहे, वचनात नाही. वचन इतकंच सांगतं की तो गाळणारा म्हणून बसेल. चांदीकामाच्या हुपरीच्या बाजूला कुणालाही विचारा, ९६० अंशाच्या वर तापलेल्या मुशीत तोंड घालून चेहरा कोण बघेल?

पण 'बसेल' हा शब्द मात्र नेमका आहे. जुन्या पद्धतीत चांदीत शिसं घालून भात्यानं वारा देत. शिसं हवेनं जळून त्याची राख होते, ती हिणकस धातू सोबत घेऊन सच्छिद्र मुशीत मुरते, चांदी वर उरते. यिर्मया ६:२९ मध्ये भाता आणि शिसं दोन्ही आलंय. यात घाई चालत नाही आणि मध्येच उठताही येत नाही. आच कमी झाली तर हीण राहतं. आणि वितळलेली चांदी ऑक्सिजन शोषून घेते, ती उघडी ठेवून झटकन थंड केली तर तो बाहेर पडताना चांदी फुटाण्यासारखी उडते. म्हणजे तापवणं जितकं महत्त्वाचं तितकंच निवांत थंड होऊ देणंही. आता शुद्धीकरणाला नायट्रिक आम्ल वापरतात, पण मलाखीच्या वेळी हेच होतं.

रस्सा_पांढरा

मलाखीवरून थेट नायट्रिक आम्लावर. हा धागा कुठं चाललाय!

तिसरा_बाक

चूक मान्य, चेहऱ्याचं वाक्य मागे घेतो.

वाचनाबद्दल : सोपी योजना म्हणजे लूकचे २४ अध्याय, १ ते २४ डिसेंबर, रोज एक. तारीख तोच अध्याय. विसरायचा प्रश्न नाही.

मिस्सा_पहिली

सोपी आहे, पण तिच्यात दोन खोड्या आहेत. पहिल्याच दिवशी ८० वचनं. पोरं दुसऱ्या दिवशी गायब. शिवाय येशूचा जन्म २ तारखेला होतो, आणि २४ च्या संध्याकाळी तुम्ही पुनरुत्थान वाचत असता!

त्यापेक्षा लूकचा एकटा पहिला अध्याय तुकड्यांत घ्या : ५–२५, २६–३८, ३९–४५, ४६–५६, ५७–६६, ६७–८०. पहिला आठवडा संदेष्ट्यांना द्या : यशया २:१–५, ९:१–७, ११:१–१०, ४०:१–११, मीखा ५:२–५, मलाखी ३:१–४, आणि स्तोत्र २४. बरोबर सात. दुसरा आठवडा जखऱ्या आणि त्याचा मुलगा योहान, तिसरा मरीया आणि योसेफ. मत्तय १ मधली वंशावळ टाळू नका. तामार, राहाब, रूथ, उरीयाची बायको ही चार नावं तिथं का आली एवढंच पोरांना शोधायला सांगा. एकदा विचारा, पुढचे तीन दिवस तेच प्रश्न येतील. २४ ला लूक २:१–२०, त्याआधी नाही.

१७ ते २३ डिसेंबर या सात संध्याकाळी आमच्या प्रार्थनेत ख्रिस्ताला सात नावांनी हाक मारतात. इशायाचा अंकुर, दाविदाची किल्ली, उगवता सूर्य, शेवटी इम्मानुएल. रोज एका नावाचं चित्र काढून दारावर लावलं की ज्यांना वाचता येत नाही तीही सामील.

खरडवही

सगळे वाचन आणि मेणबत्तीवरच बोलतायत. अवघड काम कुणी काढतच नाही. मत्तय ५:२३–२४ : अर्पण वेदीपाशी ठेव, आधी भावाशी समेट कर, मग ये. आपल्याकडं किती सख्खे भाऊ एकाच चर्चमध्ये दोन टोकाच्या बाकांवर बसतात? जमिनीचा बांध, आईच्या बांगड्या, लग्नातला मानपान.

कृती मागितली म्हणून लिहितो. पहिल्या रविवारी कागदावर तीन नावं. तीनच. एक ज्याचं आपण वाईट केलं, एक ज्याचे पैसे किंवा वस्तू आपल्याकडं आहे, एक ज्याच्याशी बोलणं बंद आहे. वस्तूपासून सुरुवात करा, ते सगळ्यात सोपं. ६ तारखेच्या आत परत. माफीचं १३ च्या आत. त्यानंतर लोक फराळात असतात, दार उघडणाऱ्याच्या हाताला पीठ असतं.

माफीत तीन वाक्यं पुरतात : मी अमुक केलं. त्यानं तुझं तमुक नुकसान झालं. माझं चुकलं. यात 'पण' आला की माफी संपली, खटला सुरू झाला. 'तुला वाईट वाटलं असेल तर' हेही नको, त्यात चूक त्याच्या वाटण्यावर ढकलली जाते. समोरचा लगेच 'असू दे' म्हणेलच असं नाही. चहा न घेता परत यायची तयारी ठेवूनच जा.

रंकाळा_सायंकाळ

खरडवही, सहमत, पण एक भर. मारहाण करणारा, दारू पिऊन येणारा, फसवून पैसे नेणारा अशांच्या दारात 'आगमनकाळ आहे' म्हणून कुणाला ढकलू नका. क्षमा मनात करता येते, घराची किल्ली परत द्यावी लागत नाही. आणि सासरच्या मोठ्यांनी सुनेला 'तूच आधी जा' म्हणून पाठवायचं, याला समेट म्हणत नाहीत.

खरडवही

बरोबर. ते लिहायला हवं होतं. तीन नावांत असं माणूस असेल तर आधी पाळकांशी किंवा एखाद्या समजूतदार वडीलधाऱ्याशी बोला.

टाळकरी

मुख्य वाद अजून आलाच नाही, म्हणून आणतो. कॅरोल फेरी! १ डिसेंबरपासून तरुण संघ ढोलकी घेऊन बाहेर. आगमनकाळ म्हणजे वाट बघणं असेल तर 'जन्मला' म्हणून पहिल्या आठवड्यातच का गायचं?

मिस्सा_पहिली

+१. आमच्याकडं आगमनकाळात रविवारच्या मिस्सात (उपासनेत) 'ग्लोरिया' हे गौरवगीत गातच नाहीत, नाताळच्या रात्री एकदम येतं. महिनाभर गप्प राहिलेलं गाणं त्या रात्री कसं उठतं ते ऐका.

शाहूपुरी_मावशी

ताई, ते ठीक. पण फेरीला साठ-सत्तर घरं. प्रत्येक घरी १० मिनिटं, शिवाय चहा आणि करंजी. रात्रीत आठ घरं होतात. मग आठ-नऊ रात्री लागणारच. २५ नंतर पोरं मामाच्या गावाला. कधी गायचं?

टाळकरी

मग मधला मार्ग. १५ तारखेपर्यंत फक्त आगमनाची पदं, अभंगाच्या चालीवर, टाळ-मृदंग घेऊन आणि आजारी-म्हाताऱ्यांच्या घरीच. ना. वा. टिळकांनी अभंग आणि कीर्तन आपल्या अंगणात आणून ठेवलंय, वाट बघण्याच्या गाण्याला तो बाज शोभतोही. १६ पासून ढोलकी. आणि स्पीकर रात्री दहाला बंद, शेजारी परीक्षेची पोरं असतात.

मिस्सा_पहिली

चालेल. हे मान्य.

उभा_प्रश्न

मलाही. (लिहून ठेवा, पुन्हा म्हणणार नाही.)

शाहूपुरी_मावशी

अवांतर, पण यातूनच शेवटचा आठवडा मोकळा होतो : अनारसे. ६ तारखेला एक किलो जुना जाडा तांदूळ भिजत घाला, तीन दिवस, रोज पाणी बदलून. ९ ला निथळून सावलीत कापडावर पसरा, दमट असतानाच दळा, बारीक चाळा. पाऊण किलो चिरलेला गूळ मिसळून घट्ट झाकणाच्या डब्यात दाबून ठेवा, निदान पाच-सहा दिवस. १६–१७ ला तळा. खसखशीची बाजू वर, उलटायचं नाही, झाऱ्यानं वरून तूप सोडायचं. अनारसा तुपात हसला, म्हणजे विरघळून पसरला, तर गूळ जास्त झाला किंवा तूप पुरेसं तापलं नव्हतं. पिठात मूठभर कोरडं तांदळाचं पीठ मळा, सावरतो. शंकरपाळे-चकली १२ ते १५ मध्ये उरका, टिकतात. ओल्या नारळाच्या करंज्या मात्र २४ लाच. असं केलं की १८ ते २३ स्वयंपाकघर शांत.

गुळव्या

मावशी, गूळ पिवळाधमक बघून घिऊ नका. लई पिवळा म्हंजे पावडर मारलेली असती. जरा तांबूस घ्या.

निळी_वात

एक घर राहून गेलं. ज्या घरात यंदा माणूस गेलंय. आपल्यात अशा घरी चांदणी लागत नाही, फराळ होत नाही, आणि मग तिथं कुणी जातही नाही. डिसेंबरभर ती माणसं एकटी. त्यांना 'सणाला या' म्हणू नका, आपण जा. दोघंच, संध्याकाळी, २० मिनिटं. सोबत साधा डबा न्या, गोड नको. स्तोत्र १३० आठच वचनांचं आहे, पहाटेची वाट बघणाऱ्या पहारेकऱ्यांचं, तेवढं वाचा. गेलेल्या माणसाचं नाव घ्या. लोक नाव टाळतात, तेच जास्त लागतं. २१ च्या आसपास वर्षातली सर्वात मोठी रात्र असते, काही मंडळ्या त्या संध्याकाळी दुःखी घरांसाठी वेगळी शांत उपासना ठेवतात. आपल्याकडं सुरू करायला एक खोली आणि एक मेणबत्ती पुरते.

जुनी_वही

निळी_वात, हे संडे स्कूलच्या शिक्षकांनाही सांगायला हवं. नाटकात त्या घरच्या पोराला भूमिका द्यायची की नाही, हे आधी त्यालाच विचारावं. आपणच ठरवून वगळू नये.

पंचगंगाकाठ

सगळ्यांचे आभार. १५ मिनिटांत बसणारं असं उतरवून काढलंय. जेवणाआधी बसायचं. आठ इंची मेणबत्त्या, ओली वाळू, मोरपंखी. मिस्सा_पहिलीताईंची वाचनं. खरडवहीची तीन नावं, ६ आणि १३ तारखेच्या मुदतीसकट. बुधवार-शुक्रवारचा डबा, तो २० तारखेला उघडायचा. आणि दोन घरी भेट. कॅरोलचा तह तरुण संघापुढं ठेवतो.

एक अडचण. १३ पर्यंत समोरच्यानं दार उघडलंच नाही तर? ते नाव खोडायचं का?

खरडवही

खोडू नका. चिठ्ठी लिहून द्या, तीच तीन वाक्यं. कागद चक्राच्या परातीखाली ठेवा. जानेवारीत पुन्हा जा.

रस्सा_पांढरा

वाळू ओली आहे म्हणालात. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला.

सुरूचं_झाड

परात स्टीलची आहे रे, पाणी खाली झिरपणार नाही.

शाहूपुरी_मावशी

जुनी असेल तर झिरपेल. आधी पाणी भरून बघा.